मानिनी आत येते तेव्हा

थोरलीला ते काम मिळालं तेव्हा तिने पस्तिशी ओलांडली होती. तोवर तिने पडद्यावर केलेल्या भूमिका बाबा एका दमात म्हणून दाखवायचे: नर्स, शेजारीण, नर्स, वकिलाची बायको, प्रेत, पुन्हा नर्स. त्यातल्या प्रेताचं त्यांना विशेष कौतुक होतं. इतका वेळ गप्प पडलेलं मी तिला घरी कधी बघितलं नाही, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. बाबा छापखान्यातून निवृत्त झालेले होते आणि यंत्रांच्या खडखडाटाने त्यांचा डावा कान गेलेला होता. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. भाड्याच्या तीन खोल्यांत ते आणि त्यांच्या दोन मुली राहत. धाकटी एका मोठ्या इस्पितळाच्या प्रयोगशाळेत रक्त तपासायचं काम करायची.

नवी मालिका भविष्यातली होती. एका दूरच्या ग्रहावरचा सूर्य थंडावत चाललाय आणि माणसं जमिनीखाली शहर खणून राहतायत, अशी ती गोष्ट होती. त्या शहरात गणिका होत्या, पण तिथे त्यांना मानिनी म्हणत. मानिनी व्हायला वर्षानुवर्षं शिकावं लागे, त्यात कायदा आला, औषधं आली, परक्या भाषा आल्या, गाणं आलं. पंचांच्या सभेत तिला खुर्ची असे. ती आत आली की सेनापतीसुद्धा उभा राही. तिच्या दालनात कुणी न विचारता पाऊल टाकलं तर त्याला शहराबाहेर बर्फात काढून देत. थोरलीला या सगळ्यांतल्या मुख्य मानिनीची भूमिका मिळाली होती.

तिने हे सगळं बाबांच्या चांगल्या कानाशी बसून समजावून सांगितलं. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे गणिकाच ना?" ते म्हणाले.

"हो बाबा. पण तिथे तिला मान आहे."

"आणि कपडे?"

"गळ्यापर्यंत पत्रा आहे."

मग ठीक आहे, असं म्हणून त्यांनी तो विषय मिटवला. पुन्हा कधी काही विचारलं नाही. पण मालिका लागली की ते वर्तमानपत्र घेऊन गॅलरीत जाऊन बसत. वर्तमानपत्र सकाळीच वाचून झालेलं असे.

धाकटी एकदा चित्रीकरण बघायला गेली. एका जुन्या गोदामात ते शहर उभं केलेलं होतं. भिंती प्लायवूडच्या होत्या आणि त्यांवर अंड्यांचे ट्रे चिकटवून करडा रंग मारलेला होता. आवाज येतो म्हणून पंखे बंद ठेवले होते, त्यामुळे बर्फाळ ग्रहावरची सगळी प्रजा घामाने निथळत होती. मग दार सरकलं आणि थोरली आत आली. मानेभोवती उंच पत्र्याची कॉलर, पायघोळ काळा अंगरखा. पंच उठले, सेनापती उठला, मागे बसलेली शंभरेक माणसं उठली. घरी दूध कुणी उतू घालवलं यावरून आपल्याशी भांडणारी बहीण ती हीच, हे धाकटीला क्षणभर खरं वाटेना.

मधल्या सुट्टीत तिने ते ताईला सांगितलं. थोरली कॉलर काढून मान चोळत बसली होती.

"सगळे उभे राहतात ना," ती म्हणाली, "तेव्हा कॅमेरा खाली बसतो. नीट बघ पुढच्या वेळी."

धाकटीने बघितलं, आणि खरंच तसं होतं. माणसं आदराने मान लववत होती आणि कॅमेरा जमिनीलगतच्या रुळावरून थोरलीच्या कमरेकडे सरकत होता. थोरली याबद्दल लेखकाशी बोललीही होती. लेखक भला माणूस होता. तो म्हणाला होता, अहो, सभेत खुर्ची दिलीय तुम्हाला, आता कॅमेऱ्याचं काय घेऊन बसलात.

पहिल्या वर्षी मानिनीने सभेत बोलून दोन युद्धं थांबवली. दुसऱ्या वर्षी ती बहुतेक वेळ गरम पाण्याच्या झऱ्यात असायची आणि युद्धं इतर लोक थांबवायचे. मालिका मात्र घरोघरी पोचली. थोरलीला बाजारात लोक ओळखू लागले. बायका हात हातात घ्यायच्या, पुरुष जरा लांबून बघायचे. मानिनी हा शब्द तोंडातोंडी झाला आणि तिथेच तो बिघडायला लागला. नाक्यावरची पोरं रस्त्याने जाणाऱ्या मुलींना मानिनी म्हणू लागली. भाड्याच्या खोलीत एकटी राहणारी, उशिरा कामावरून येणारी, दोनदा लग्न केलेली, अशा कुणालाही लोक हा शब्द लावायचे. मालिकेत तो शब्द उच्चारताना माणसं छातीवर हात ठेवत. रस्त्यावर तो शिट्टीबरोबर यायचा.

इस्पितळात तो धाकटीच्या कानावर पडला तो एका दुपारी. तिला वॉर्डात एका बाईचं रक्त घ्यायला बोलावलं होतं. दारातच एक वॉर्डबॉय हसत म्हणाला, "मॅडम, जपून हां, मानिनी आलीय."

खाटेवरची बाई चाळिशीची असेल. एक डोळा पूर्ण मिटलेला, ओठ फाटलेला. कुठल्या वस्तीतून आणलंय ते केसपेपरवर कुणी लिहिलं नव्हतं आणि लिहायची गरजही नव्हती. धाकटीने दंडाला रबर बांधलं.

"ते मला मानिनी म्हणाले," बाई म्हणाली. "चिडवायला म्हणाले. पण ऐकायला बरं वाटलं."

धाकटी शीर शोधत राहिली. बाई आपणहून बोलत होती. त्यांच्या घरात सगळ्याजणी ती मालिका बघतात. मानिनी आत आली की त्याही उठून उभ्या राहतात, गंमत म्हणून. एकदा एक गिऱ्हाईक बसलेलं होतं, त्यालाही दंडाला धरून उठवलं होतं.

"त्याने मारलं?" धाकटीने विचारलं.

"नाही, तो बिचारा उठला. हा दुसरा."

ती मानिनी आपली बहीण आहे हे धाकटीच्या ओठांवर आलं होतं, पण तिने ते गिळलं. घरी येऊन तिने ताईला सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी थोरली फळं घेऊन वॉर्डात गेली. साधी साडी, केस बांधलेले, चेहऱ्याला काही नाही. बाईने तिला चेहऱ्यावरून नाही, आवाजावरून ओळखलं. मग बराच वेळ ती एका डोळ्याने नुसती बघत राहिली. फोटो मागितला नाही की संवाद म्हणून दाखवायला सांगितलं नाही. तिला एकच विचारायचं होतं.

"तिथे खरंच बर्फात काढतात? तसल्या माणसाला?"

"आतापर्यंत दोघांना काढलंय," थोरली म्हणाली.

"बरं करतात."

त्या दिवशी थोरली घरी जेवली नाही. आठवड्याने तिने लेखकाला गाठलं आणि विचारलं, आपल्या गोष्टीत मार खाल्लेली एखादी मानिनी का नाही? लेखकाने तिला समजावलं, की तसं काही आपल्या शहरात घडतच नाही, म्हणून तर ते भविष्य आहे. तोवर खाटेवरच्या बाईला इस्पितळातून सोडलं होतं. ती कुठे गेली ते कुणाला ठाऊक नव्हतं.

याच सुमारास धाकटीचं लग्न ठरलं. मुलगा इस्पितळासमोरच्या औषधांच्या दुकानात होता. डॉक्टरांचा कागद वाचून न चिडणारा एवढा एकच औषधवाला मला भेटला, असं ती म्हणे. त्याची आई मालिकेची भक्त होती. पहिल्यांदा दोन्ही घरं भेटली तेव्हा तिने थोरलीला सोफ्यावर शेजारी बसवून घेतलं, तिचा हात सोडलाच नाही, झऱ्याचं पाणी खरंच गरम असतं का इथपासून सगळं विचारलं. निघताना तिच्या गालावरून हात फिरवला. बाबा वाटेत म्हणाले, हिची सासू हिच्यापेक्षा तुलाच न्यायला बघतेय. तिघंही हसत घरी आली.

पंधरवड्याने मुलगा एकटाच आला. चहा निवला तरी कप उचलेना. आईचं म्हणणं असं होतं, की ताई घरच्याच, केव्हाही याव्यात, राहाव्यात. पण लग्नात चार लोक येणार, फोटो निघणार. लोक तोंडावर काही बोलत नाहीत, पाठ फिरली की बोलतात. तेवढा एक दिवस...

धाकटी म्हणाली, मग लग्नच नको. ती आत निघून गेली. थोरली तिच्यामागे गेली आणि दार लावून घेतलं.

"त्या दिवशी माझं चित्रीकरण आहे असं सांग," ती म्हणाली.

"कुणी ठेवलंय?"

"मी ठेवून घेईन."

धाकटी खूप भांडली. थोरलीने ऐकलं नाही. माझ्या एका दिवसासाठी तू आयुष्यभर माझ्याकडे बघून हळहळणार, ते मला सोसायचं नाही, असं तिचं म्हणणं होतं. तिने खरोखरच त्या दिवशी चित्रीकरण लावून घेतलं. लग्नाला आलेले लोक बाबांना विचारत, थोरली दिसत नाही? बाबा प्रत्येक वेळी डावा कान पुढे करत.

लग्नानंतर चारेक महिन्यांनी ते घडलं.

मालिकेला जाहिरात देणारा एक साबणाचा कारखानदार होता. सेटवर सगळे त्याला मागे साबणवाला आणि तोंडावर साहेब म्हणत. वाहिनीने प्रेक्षकांसाठी एक मेळावा ठेवला होता, मुख्य पाहुणा तो होता. थोरली पूर्ण वेषात व्यासपीठावर आली, तेव्हा सभागृहातली सगळी माणसं मालिकेतल्यासारखी उभी राहिली, साबणवालाही राहिला. कार्यक्रम संपला. थोरली मागच्या मेकअपच्या खोलीत जाऊन कॉलर सोडवत होती. दार ढकलून तो आत आला आणि खुर्चीत बसला.

तिने त्याला बाहेर थांबायला सांगितलं. तो हसला आणि तिचाच एक संवाद म्हणाला, माझ्या दालनात तुमचं स्वागत आहे. तिने पुन्हा सांगितलं. नाही म्हणाली, स्पष्ट आणि मोठ्याने. तो उठून तिच्याकडे आला आणि त्याने दार पायाने लोटलं. तिने आरडाओरडा केला. बाहेर दोघंतिघं उभे होते, त्यांना वाटलं संवादांची तालीम चाललीय. त्यांनी नंतर तसंच सांगितलं, आणि ते खोटंही बोलत नसावेत. झटापटीत त्याने तिचं मनगट इतकं पिळलं की हाड मोडलं. तिने दुसऱ्या हाताने पत्र्याची कॉलर उचलून त्याच्या तोंडावर हाणली. त्याची भुवई फाटली. रक्त बघून तो ओरडला, आणि त्याचा आवाज ऐकून मात्र लोक लगेच आत आले.

पोलीस ठाण्यात धाकटी तिच्याबरोबर होती. अंमलदार उद्धट नव्हता. त्याने पंखा त्यांच्याकडे वळवला, पाणी दिलं.

"तुम्ही त्या मालिकेत तेच काम करता ना?" त्याने विचारलं.

"मी अभिनय करते," थोरली म्हणाली.

"हो, ते आलं लक्षात. पण कशाचा?"

थोरलीने धाकटीकडे बघितलं. मग ती म्हणाली, "गणिकेचा." अंमलदाराने मान हलवली. जणू त्याला हवं ते मिळालं होतं. साबणवाल्याने आधीच येऊन भुवईची तक्रार नोंदवली होती.

निर्माता घरी आला. त्याने बाबांच्या पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. तक्रार मागे घ्या, तोही घेईल, सगळ्यांच्या पोटापाण्याचा प्रश्न आहे, असं तो पुन्हा पुन्हा सांगत होता. थोरली नाही म्हणाली. मग तो बाबांकडे वळला, निदान तुम्ही तरी समजवा. बाबांनी या वेळी चांगला कान पुढे केला होता. ते म्हणाले, "मी ती मालिका बघत नाही. मला फक्त हिचा हात दिसतो." निर्माता निघून गेला, आणि महिन्याभरात मालिकेतली मानिनी वारली.

तो भाग लागला तेव्हा धाकटी सासरी होती. रविवारची संध्याकाळ होती, सासूबाईंनी शेजारच्या दोघींनाही बोलावलं होतं. पडद्यावर साऱ्या शहराने मानिनीला निरोप दिला. बर्फाच्या कड्यापर्यंत मशाली होत्या. पंचांनी शस्त्रं खाली ठेवली, सेनापती लहान मुलासारखा रडला. चादरीखाली दुसरंच कुणीतरी झोपलेलं होतं. जे काम थोरलीला चांगलं जमत होतं तेही त्यांनी तिला दिलं नव्हतं.

सासूबाई पदराने डोळे पुसत होत्या. सभा उठली तशा त्याही उठल्या. शेजारणी उठल्या. रडणं खरं होतं, त्यात काही देखावा नव्हता.

"आई," धाकटी जागेवरून म्हणाली, "ती घरी आहे. हाताला प्लास्टर आहे. रिक्षाने गेलं तर अर्ध्या तासात पोचू. चला, भेटून येऊ."

सासूबाईंनी तिच्याकडे वळून बघितलं. चेहरा ओलाच होता.

"ती वेगळी गं," त्या म्हणाल्या.

धाकटी आत गेली. तिने पिशवीत दोन साड्या टाकल्या आणि माहेरी गेली. थोरली डाव्या हाताने कांदा चिरायचा प्रयत्न करत होती आणि बाबा शेजारी बसून तिच्या चुका काढत होते. धाकटीने सुरी काढून घेतली. काय झालं ते तिने सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी नवरा आला. आत यायला बिचकत होता. थोरलीनेच त्याला बोलावून बसवलं. त्याने कसल्याशा मलमाची नळी आणली होती. ती कशी लावायची हे तो गरजेपेक्षा बराच वेळ समजावत राहिला, आणि समजावता समजावता म्हणाला, ताई, लग्नाच्या वेळी मी बोलायला हवं होतं. थोरली म्हणाली, हो, हवं होतं. मग तिने त्याला चहा दिला. धाकटी त्याच्याबरोबर परत गेली. सासूबाईंशी ती पहिल्यासारखीच वागायची, फक्त मालिकेच्या वेळी स्वयंपाकघरातून बाहेर यायची नाही.

खटला तारखा घेत घेत चालला. साबणवाल्याच्या वकिलाने न्यायालयात मालिकेतला एक तुकडा दाखवायची परवानगी मागितली आणि ती मिळाली. छोट्या पडद्यावर थोरली एका पाहुण्याला हसून म्हणत होती, माझ्या दालनात तुमचं स्वागत आहे. मागच्या बाकांवर कुणीतरी खिदळलं. न्यायाधीशांनी आवाज कमी करायला सांगितला.

"हे शब्द तुमचेच ना?" वकिलाने विचारलं.

"शब्द लेखकाचे आहेत," थोरली म्हणाली. "त्या दिवशी खोलीत मी नाही म्हणाले. तो शब्द माझा होता."

वकिलाने पुढचा प्रश्न विचारला. लेखकालाही साक्षीला बोलावलं होतं. त्याने सांगितलं, की मानिनी पाहुणे स्वतः निवडते, नको असेल तर नाही म्हणते, हे मालिकेत स्पष्ट आहे. वकील म्हणाला, ते त्या ग्रहावर. यावर न्यायालयात बरेच जण हसले, लेखकही कसनुसा हसला. ओरडण्याला तालीम समजलेल्या लोकांनीही आपापली साक्ष दिली. शेवटी पुरेसा पुरावा नाही म्हणून साबणवाला सुटला. भुवईचं प्रकरण त्याने मोठ्या मनाने सोडून दिलं, असं वर्तमानपत्रात आलं. बाबांनी ते वर्तमानपत्र गॅलरीत नेलं नाही. ते त्यांनी चार घड्या घालून डुगडुगणाऱ्या कपाटाच्या पायाखाली घातलं.

थोरलीला नंतर पडद्यावरचं काम मिळालं नाही. नर्सचंही नाही, लोकांना वेगळंच काहीतरी आठवेल म्हणे. तिचा आवाज मात्र विकला जातो. विजेच्या कार्यालयाला फोन लावला की कृपया प्रतीक्षा करा असं जी बाई सांगते ती तीच. बाबा कधीकधी उगाच तो नंबर फिरवतात, चांगल्या कानाला लावतात आणि वीजवाला बोलायला आला की ठेवून देतात. थोरलीचं मनगट थंडीत दुखतं. बाटलीचं झाकण तिला उघडत नाही.

मालिकेत नवी मानिनी आली. ती मुलगी एका दुपारी पत्ता शोधत घरी आली. विशीतली, हसरी, पायातल्या चपलाही बाहेर नीट जोडीने काढून ठेवणारी. तिला थोरलीचा आशीर्वाद हवा होता. थोरलीने तिला समोर बसवून जे घडलं ते सगळं सांगितलं, काही गाळलं नाही आणि काही वाढवलं नाही. मुलगी ऐकता ऐकता रडू लागली. मग म्हणाली, पण मी तर होकार देऊन बसलेय. घरी सगळ्यांना सांगून झालंय.

थोरली तिला रागावली नाही. हे करू नकोस असंही म्हणाली नाही. एकटी राहू नकोस, एवढंच म्हणाली, कार्यक्रमाला जाशील तेव्हा कुणाला तरी बरोबर ने, आई असेल तर आईला ने. मुलगी म्हणाली, आईला हे काम पसंत नाही, ती नाही यायची.

"मग मला फोन कर," थोरली म्हणाली. "मी येईन."

मुलीने नंबर घेतला. चार-सहा महिने झाले, फोन अजून आलेला नाही. ती पडद्यावर मात्र नियमित दिसते. सासूबाई बघतात. त्यांना ही तेवढी आवडत नाही. जुनी बरी होती, असं त्या परवा धाकटीला म्हणाल्या. धाकटी म्हणाली, हो, आणि भाजी चिरत राहिली.